सँपल साइज : एक

नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागात जा, कपाटातले एम.ए.चे लघुशोधप्रबंध काढा आणि नुसती शीर्षकं वाचा. 'शहरी व ग्रामीण विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास.' 'नोकरदार महिला व गृहिणी यांच्यातील ताणतणाव.' 'खेळाडू व बिगरखेळाडू विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास.' आत उघडलं की साठ इकडचे, साठ तिकडचे; हेच सँपल, म्हणजे नमुना. तयार प्रश्नावली, हल्ली गुगल फॉर्म. मग मध्यमान, प्रमाण विचलन, टी-मूल्य आणि शेवटी एक ओळ : ०.०५ पातळीवर फरक सार्थ (म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा) आहे, किंवा नाही. बाइंडिंग, सह्या, तोंडी परीक्षा, संपलं.

मी हा विषय शिकवते, म्हणून हे मनाला लागतं. एवढ्या पानांत एकही माणूस भेटत नाही. 'ग्रामीण' या रकान्यात सुरगाण्याच्या आश्रमशाळेत शिकून आलेला मुलगा आहे आणि निफाडच्या द्राक्ष निर्यातदाराचा, स्वतःच्या गाडीने कॉलेजला येणारा मुलगाही आहे. दोघांचे गुण बेरजेत गेले, साठने भागले आणि जो आकडा निघाला तो दोघांपैकी कुणाचाच नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवल्याला पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी समोर ठेवून इगतपुरीत भात लावायचा की नाही आणि येवल्यात टँकर लागेल की नाही, हे कुणी ठरवत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण ते बिनदिक्कत करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की अनेक माणसांची एकदाच मोजणी करून काढलेला नियम एका माणसाच्या आयुष्याला आपोआप लागू होत नाही. आपलं शिकवणं, आपले प्रबंध आणि बरंचसं समुपदेशनही तो लागू होतो असं धरून चालतं. आधी एक माणूस काळाच्या ओघात नीट पाहावा, मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्यात समान काय आहे ते त्यानंतर शोधावं. आपण हा क्रम उलटा केला आहे.

यावर लगेच उत्तर येतं की सामान्य नियम नसतील तर ते शास्त्र कसलं? हा वाद जुना आहे. जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म विंडेलबांड यांनी १८९४ साली स्ट्रासबर्ग विद्यापीठातल्या भाषणात ज्ञानाच्या दोन वाटा सांगितल्या : एक नियम शोधणारी, दुसरी एकमेव घटनेचं वर्णन करणारी. मानसशास्त्र त्यांनी नियम शोधणाऱ्यांच्या बाजूला ठेवलं. पुढे १९३७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी व्यक्तिमत्त्वावरच्या आपल्या ग्रंथात हीच जोडी उचलली आणि बजावलं की ज्या मानसशास्त्राला एक माणूस समजत नाही ते अपुरं आहे. तेव्हापासून परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' म्हणून हा प्रश्न येतो. विद्यार्थी दोन रकाने आखून उत्तर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी साठ-साठचे फॉर्म वाटायला निघतात.

पण हे दोन रकाने इतके वेगळे कधीच नव्हते. स्मृतीचा पहिला मोठा नियम एका माणसाकडून आला. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा वक्र मांडला तो स्वतःवर प्रयोग करून; निरर्थक शब्दावयव पाठ करायचे, ठरावीक काळानंतर पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचं. प्रयोग करणारा एक आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तोही तोच. २०१५ मध्ये मुरे आणि ड्रोस या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तोही एकाच माणसावर, त्याच्याकडून सत्तर तास काम करून घेऊन. वक्र जवळपास तसाच आला. भाषेचा मेंदूतल्या विशिष्ट जागेशी संबंध आहे, हे १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी पुढे आणलं ते फक्त 'तान' एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णावरून. १९५३ साली अपस्मारासाठी (फिट्स येण्याच्या आजारासाठी) मेंदूची शस्त्रक्रिया झालेला एच. एम. हा रुग्ण नव्या आठवणी साठवू शकेना. ब्रेंडा मिल्नर आणि इतरांनी त्या एका माणसाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, म्हणून आज आपण स्मृतीचे प्रकार वेगळे करून शिकवतो. आरशात पाहून तारा गिरवण्याचं काम तो रोज सुधारत गेला, आणि हे काम आपण आधी केलंय हे त्याला रोज नव्याने सांगावं लागलं. साठ जणांची प्रश्नावली भरून हे कधी सापडलं असतं?

आणि ज्या २०१५ साली एबिंगहाउसचा वक्र टिकला, त्याच वर्षी नामांकित नियतकालिकांतले शंभर मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थ होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत तसे आले. ही तुलना सरळसोट नाही हे मान्य. पाठांतर मोजणं आणि माणसांचे सामाजिक कल मोजणं यांत फरक आहे. तरी 'मोठा नमुना म्हणजे भक्कम शास्त्र' हे समीकरण यातून सिद्ध होत नाही, एवढं नक्की.

गटाचा नियम व्यक्तीला का लागत नाही, हे वर्गात समजावताना मला नेदरलँड्सच्या एलन हामाकर यांचं टायपिंगचं उदाहरण फार उपयोगी पडतं. आपल्याकडे ते लगेच कळतं, कारण वर्गातल्या बऱ्याच मुलांनी टायपिंगचा क्लास केलेला असतो, तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा दिलेल्या असतात. क्लासमधल्या सगळ्या मुलांचा वेग आणि चुका कागदावर मांडल्या तर काय दिसेल? ज्याचा वेग जास्त त्याच्या चुका कमी. कारण तो सरावलेला आहे. हा गटाचा नियम, आणि तो खरा आहे. आता तुमच्या शेजारी बसलेल्या नवशिक्या मुलीला तो नियम ऐकवा : 'वेग वाढव, चुका कमी होतील.' ती पॅसेज बिघडवून ठेवेल. एका माणसाच्या आत वेग वाढला की चुका वाढतात. माहिती खरी, गणित बरोबर आणि सल्ला नेमका उलटा. समुपदेशनाच्या खोलीत बसून 'संशोधन असं सांगतं' म्हणत आपण जे सल्ले देतो, त्यातले किती या जातीचे असतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये यामागचं गणित मानसशास्त्रापुढे ठेवलं. गटाचे निष्कर्ष व्यक्तीवर ठेवायचे तर दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : सगळ्या माणसांत एकच प्रक्रिया चालत असली पाहिजे आणि ती काळानुसार बदलता कामा नये. शिकणारं, वाढणारं, दुःखातून सावरणारं माणूस दुसरी अट जगता जगताच मोडतं. २०१८ मध्ये फिशर, मेडाग्लिया आणि जेरोनिमस यांनी माणसांची वारंवार मोजणी केलेली माहिती घेऊन हे तपासलं. एकाच माणसाच्या आतला चढउतार गटातल्या फरकापेक्षा दोन ते चार पट जास्त निघाला. म्हणजे गटाकडे पाहून आपण माणसाबद्दल जितके निःशंक असतो, तितकं असण्याचा आपल्याला हक्क नाही.

मध्यंतरी याला एक देशी उत्तर पुढे आलं. जेफ्री आर्नेट यांनी दाखवलं होतं की २००३ ते २००७ या काळात अमेरिकेतल्या प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांमधल्या अभ्यासांत ९६ टक्के नमुना पाश्चात्त्य औद्योगिक देशांतला होता, आणि जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या त्या देशांत राहते. तक्रार रास्त आहे. तिच्यावर उतारा म्हणून आपण म्हणतो, भारतीय नमुने घ्या, आपले निकष काढा. जरूर काढावेत. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बुद्धिमापनाच्या बिने चाचणीचं मराठी आणि कानडी रूपांतर केलं ते मोलाचंच काम होतं. पण अमेरिकन सरासरी माणसाच्या जागी भारतीय सरासरी माणूस बसवला, तरी तो सरासरीच राहतो. खुद्द आल्फ्रेड बिने घरी आपल्या दोन मुलींच्या विचार करण्याच्या पद्धतींतला फरक टिपत बसत. आपण त्यांची चाचणी घेतली, ती सवय घेतली नाही.

आता एक गोष्ट जवळून सांगते. वर्गात सराव म्हणून मी मुलांना एकाच व्यक्तीची रोजची नोंद ठेवायला सांगते. एका विद्यार्थिनीने आपल्या मामाची नोंद ठेवली. मामा द्राक्ष बागायतदार. काळ खुड्याचा, जानेवारी ते मार्च. रोज सकाळी फोन करून ठरलेले प्रश्न : झोप किती तास, जाग किती वेळा आली, आभाळ कसं होतं, रात्री फवारणीला उठावं लागलं का, काल पैशाचं काय झालं. सुरुवातीलाच मामाने निकाल देऊन टाकला होता. 'ढग आले की झोप उडते, त्यात लिहायचं काय?' विद्यार्थिनीलाही तेच वाटत होतं. पुस्तकात 'अनिश्चिततेमुळे चिंता' म्हणून जे आहे ते हेच.

तिने महिन्याभराच्या नोंदी चौकटीच्या कागदावर काढल्या तेव्हा ढगांच्या रात्री वेगळ्याच दिसल्या. त्या रात्री मामा कमी झोपला होता हे खरं. रात्री ब्लोअर घेऊन बागेत, पहाटे परत. पण अंग टाकलं की गाढ झोप. मधे मधे जाग येणं, तीन वाजता उठून ओट्यावर बसणं, हे सगळं माल गेल्यानंतरच्या दिवसांत होतं. बाग खाली झाली, गाडी भरून गेली, व्यापाऱ्याने काही रक्कम दिली आणि उरलेल्याचा वायदा केला. त्या वायद्याच्या आसपासच्या रात्री मोडलेल्या होत्या, आभाळ स्वच्छ असताना. द्राक्ष घेऊन पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी इकडे घराघरात आहेत, त्यामुळे आश्चर्य वाटायला नको होतं. पण कागद पाहीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, खुद्द मामाच्याही. तो म्हणाला, 'पोरी, मी सगळ्यांना ढगांचंच सांगत होतो गं.' ढगांशी लढायला हातात फवारा असतो. वायद्याशी लढायला हातात काही नसतं. हा अर्थ तिने लावला, मामाने मान्य केला. शेजारच्या बागायतदाराची झोपही असंच वागते का, हे मला माहीत नाही, आणि ते गृहीत धरणार नाही. त्याची नोंद ठेवावी लागेल. पण या मामाला कुणी 'रिलॅक्सेशनचे व्यायाम करा, हवामानाची बातमी कमी बघा' असं सांगितलं असतं, तर तो सल्ला शास्त्रीय वाटला असता आणि वाया गेला असता.

इथे मला सगळ्यात मोठा आक्षेप घ्यायचा आहे, आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांवर. 'प्रत्येक माणूस वेगळा' हे वाक्य आपल्याकडे कुणालाही पटतं. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हटलं की माना डोलतात आणि चौकशी तिथेच थांबते. त्याहून वाईट म्हणजे 'मी माणूस बघून सांगतो' म्हणणाऱ्यांची चलती होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये वीसेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की अनुभवी चिकित्सक आपल्या जाणकारीने जे भाकीत करतात, त्यापेक्षा साधं आकडेमोडीचं सूत्र बहुतेक वेळा सरस किंवा निदान बरोबरीचं ठरतं. सत्तर वर्षांत हा निष्कर्ष पुसला गेलेला नाही. ज्यांना व्यक्तीचा अभ्यास हवा आहे त्यांनी तो गिळून पुढे जायला हवं. बर्ट्रम फोरर यांचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही विसरू नये. ३९ विद्यार्थ्यांना त्यांनी 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला, तोही फुटपाथवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेल्या वाक्यांचा. मुलांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. 'हे माझंच वर्णन आहे' असं वाटणं हा पुरावा नाही. पत्रिकेलाही तो नाही, आणि समुपदेशकाच्या तासाभराच्या अंतर्ज्ञानालाही नाही.

म्हणून एका माणसाचा अभ्यास म्हणजे त्याची हळवी कहाणी, असं मी मानत नाही. एका माणसाची अनेक वेळा केलेली मोजणी, हा अर्थ मला अभिप्रेत आहे. प्रश्न आधी ठरवलेले, वेळ ठरलेली, काय दिसलं तर आपला अंदाज चुकला असं म्हणू, हेही आधी लिहून ठेवलेलं. वैद्यकाने हे केव्हाच स्वीकारलंय. एकाच रुग्णाला आळीपाळीने औषध आणि नकली गोळी द्यायची, कोणती कधी दिली हे त्याला कळू द्यायचं नाही आणि त्याच्यापुरता निर्णय घ्यायचा, अशा चाचण्या १९८०च्या दशकापासून होत आहेत. ऑक्सफर्डच्या पुरावाधिष्ठित वैद्यक केंद्राच्या २०११ च्या क्रमवारीत उपचाराच्या उपयोगाबद्दल पहिल्या पायरीवर त्यांचाही उल्लेख आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या म्हसरूळला आहे, मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर. दोन्ही ठिकाणांहून राज्यभर अभ्यासक्रम जातात. मानसशास्त्राच्या शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून ही पद्धत मराठीत शिकवायला घेतली, तर तिला नाशिकइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

गटाचे नियम टाकून द्या, असं मी म्हणत नाही. सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीचं नियोजन करताना कुणा एका भाविकाचा स्वभाव कामाचा नाही. २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. तिथे गर्दीचा वेग, रस्त्याची रुंदी आणि माणसं कुठे तुंबतात याचे सर्वसाधारण नियमच जीव वाचवतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री किती समुपदेशक बसवायचे, हेही सरासरीनेच ठरेल. धोरण गटासाठी असतं, त्याला गटाचं ज्ञान हवं. गोंधळ होतो तो गटाचं ज्ञान एका मुलाच्या हातात प्रमाणपत्र म्हणून दिलं जातं तेव्हा. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. एका बैठकीत प्रश्न सोडवायचे आणि कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी आपला कल कुठे ते कागदावर मिळवायचं. लाखो मुलांचा कल कुणीकडे झुकतोय हे शासनाला कळायला असा कागद उपयोगी आहे. पण तो घेऊन आई-वडील माझ्यापुढे बसत आणि विचारत, 'मॅडम, याला सायन्सला टाकू की नको?' पंधराव्या वर्षी एका दुपारी दिलेल्या उत्तरांचा कागद ते ओझं पेलू शकत नाही. त्या मुलाची नववी-दहावीची दोन वर्षं कुणी टिपून ठेवली असती, कोणत्या तासाला तो प्रश्न विचारतो, सुट्टीत न सांगता काय करत बसतो, कशात हरला तरी पुन्हा करतो, तर उत्तर देता आलं असतं. ते टिपणारे त्याचे वर्गशिक्षकच असतात. त्यांना ते शिकवलेलं नाही आणि त्यासाठी वेळही दिलेला नाही.

एक अडचण मात्र मला खरोखर भेडसावते. साठ जणांच्या सरासरीत माणूस लपतो, एकाच्या अभ्यासात तो उघडा पडतो. 'निफाड तालुक्यातले बागायतदार, दोन मुली, मागल्या वर्षी व्यापाऱ्याने बुडवलेले' एवढं लिहिलं तरी गावात सगळ्यांना कळतं कोण ते. नाव बदलून भागत नाही. म्हणून वर सांगितलेल्या मामाच्या गोष्टीतले ओळखीचे तपशील मी बदलले आहेत आणि ती छापण्याआधी त्यांना वाचून दाखवली आहे. प्रबंधाच्या बाबतीत तर नियमच हवा : ज्याचा अभ्यास, त्याने अंतिम प्रत वाचावी किंवा ऐकावी, आणि नको म्हणाला तर ती तिथेच थांबावी, परीक्षा दोन दिवसांवर आली असली तरी. रोज विचारण्यानेही माणूस बदलतो. झोपेबद्दल रोज विचारलं की तो झोपेकडे लक्ष देऊ लागतो. यावर पूर्ण इलाज नाही. पहिल्या काही दिवसांच्या नोंदी बाजूला ठेवणं आणि मधे खंड घेऊन पाहणं, एवढं करता येतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीच्या चौथ्या वर्षालाही संशोधन प्रकल्प आले आहेत. म्हणजे साठ-साठचे फॉर्म आणखी वाढणार आणि गावोगावचे व्हॉट्सअॅप ग्रुप 'मॅडमचं काम आहे, एवढा फॉर्म भरा' या निरोपांनी भरणार. त्याऐवजी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी मार्गदर्शक सूचनांत एक ओळ घालावी : एका व्यक्तीचा, ठरावीक मुदतीतला, वारंवार मोजणी असलेला प्रकल्प हा तुलनात्मक अभ्यासाच्या तोडीचा मानला जाईल. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक आल्या आल्या विचारतात, 'सँपल किती?' तिथे 'एक' हे उत्तर देताना मुलीचा आवाज खाली जाऊ नये आणि पुढचा प्रश्न 'मोजण्या किती?' असा असावा.

आणि या नोंदी एका ठिकाणी जमा होत गेल्या पाहिजेत, एकाच आराखड्यात, म्हणजे पाच-सात वर्षांनी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. मालेगावच्या यंत्रमागावर दिवसपाळी-रात्रपाळी बदलत राहणाऱ्या कामगाराची झोप. लासलगावला कांद्याचा भाव पडल्याच्या आठवड्यातली एका शेतकऱ्याच्या बायकोची चिडचिड, तिच्याच शब्दांत. सातपूरच्या कारखान्यात कंत्राट संपत आलेला पोरगा. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये 'नीट' परीक्षेची दुसरी खेप करणारी मुलगी. यांच्यातल्या चौघांत जर एकच नातं दिसलं, कष्ट संपल्यावर आणि मोबदला हातात येण्याआधी झोप मोडते असं काही, तर तो नियम लिहावा. तो चौघांपुरताच आहे हेही तिथेच लिहावं, आणि पाचव्याची नोंद सुरू करावी.